चढावरच्याचं टार्ट

मास्टर एका टार्टवर जळायचा, असं सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. पण जळायचा. माणसावर जळणं एक वेळ परवडलं. माणसाशी भांडता येतं, त्याला नावं ठेवता येतात, चारचौघांत त्याची फजिती करता येते. बदामाच्या टार्टचं कोण काय वाकडं करणार?

मास्टर म्हणजे कोपऱ्यावरच्या पेस्ट्रीच्या दुकानाचा मालकही तोच आणि कारागीरही तोच. पोट सुटलेलं, बोटं मात्र हलकी. त्याची बायको दवाखान्यात एक्स-रे काढायची. चाळिशी उलटल्यावर तिला पळायचं खूळ लागलं, तेव्हा कौतुकाने बूट आणून देणारा हाच शहाणा. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

कारण बाई नुसती पळत नव्हती. दातांचे डॉक्टर, एक बसचा ड्रायव्हर आणि शाळेतल्या गणिताच्या बाई अशी तिची टोळी जमली. दर रविवारी सकाळी हे चौघं शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचे आणि वाटेतली पेस्ट्रीची दुकानं घेत जायचे. घाम गाळून जेवढं झिजवायचं तेवढं खाऊन भरून काढायचं, असला उफराटा कारभार. त्यात त्यांचा एक नियम होता. दुकानात चकार शब्द काढायचा नाही. एक जिन्नस घ्यायचा, वाटून खायचा आणि निघायचं. निकाल द्यायचा तो पुढच्या दुकानापर्यंत पळता पळता. डॉक्टरांचं म्हणणं, पळताना नीट बोलता आलं तरच वेग बरोबर. बोलताना धाप लागली की समजावं, आपण अंगात नसलेला जोर दाखवतोय.

निकाल रस्त्यावरच संपला असता तर मास्टरची काही तक्रार नव्हती. पण बायको घरी येऊन बूट सोडता सोडता पुन्हा सुरू व्हायची. बाकीची दुकानं दोन वाक्यांत उरकायची आणि गाडी यायची चढावरच्याकडे. चढावरचा म्हणजे शहराच्या पलीकडच्या बाजूला, मोठा चढ संपतो तिथे दुकान टाकलेला एक टकल्या, मास्टरपेक्षा बराच तरणा. त्याच्या टार्टची कड कशी खरपूस, बदाम कसा भरड ठेवलेला, गोड कसं घास गिळल्यावर मागून हळूच कळतं. मास्टर भांडी पुसत हे सगळं ऐकायचा आणि ताटल्या जरा जोरातच रचायचा.

आणि स्वतःच्या नवऱ्याच्या पफबद्दल काय? तो संध्याकाळी डब्यातून काही आणायचा, तिच्यापुढे ठेवायचा, “छान झालंय ना?” म्हणायचा. ती उभ्या उभ्या खायची, “छान झालंय” म्हणायची आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या एका शब्दापुढे गाडी सरकली नाही. जगात आपला तो बाब्या आणि लोकांचं ते कार्टं. या घरात लोकांचा तो बाब्या होता. एकदा मास्टरने हट्टाने स्वतः बदामाचं टार्ट केलं. तेही तिने “छान झालंय” म्हणून उभ्या उभ्या संपवलं, आणि मास्टरचा तिळपापड झाला.

शेवटी त्याने बायकोला विचारलं, की तुमच्या यात्रेत माझं दुकान का नाही? ती म्हणाली, घराच्या इतक्या जवळ कोण थांबतं, अजून अंगसुद्धा तापलेलं नसतं. मास्टरला हे पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो दुखत नसलेला दात घेऊन डॉक्टरांकडे गेला. अर्धा तास आ वासून पडून राहिला, मनातलं एक अक्षर बोलता येईना. चूळ भरल्याबरोबर मात्र बोलून टाकलं. डॉक्टर हसले आणि पुढच्या रविवारी नक्की येतो म्हणाले.

आले की. मास्टरने पहाटेपासून खपून पफ काढले होते. चौघं ओळीत उभे राहिले, बायकोसुद्धा परक्या गिऱ्हाइकासारखी. एक पफ घेतला, चार तुकडे केले, खाल्ले. मास्टर एकेकाच्या जबड्याकडे बघत होता. कोणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलेल तर शपथ. हात झटकले आणि गेले.

आता निकाल लागणार, आणि तो रस्त्यावर! मास्टरने गल्ला दुकानात मदतीला असलेल्या मेव्हण्याच्या हवाली केला आणि एप्रन, रबरी चपला, सगळ्यासकट त्यांच्या मागे धावत सुटला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे. पण ते चौघं सावकाश पळत होते, बोलता यावं म्हणून, त्यामुळे याला ऐकू येईल इतकं जवळ पोचता आलं, आणि मागे वळून कोणी बघितलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, मस्त. गणिताच्या बाई म्हणाल्या, थोडं गोड. मग त्याची बायको बोलायला लागली.

आणि बोलतच राहिली. पदर किती सुंदर सुटतात, असे पदर अख्ख्या शहरात कोणाचे नाहीत. पण हे भट्टीची घाई करतात. वर रंग आला की काढतात, आत कच्चट राहतं, आणि ते झाकायला वरून साखर मारतात. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी एकच भट्टी होती, तेव्हा हे तिच्यासमोर स्टूल टाकून बसायचे. तेव्हाच्या पफसाठी मी कामावरून चालत यायचे, असं ती म्हणाली.

डॉक्टरांनी विचारलं, मग हे त्यांना सांगितलंत का?

“ते विचारतातच कुठे?” ती म्हणाली. “ते म्हणतात, छान झालंय ना? दिवसभर भट्टीपुढे उभं राहून आलेल्या माणसाला मी काय सांगू?”

मास्टरचा दम आणि चपलेचा पट्टा एकदमच तुटला. ते चौघं वळणावर दिसेनासे झाले. तो कठड्याला धरून उभा राहिला आणि त्याला कळलं, की आता आपण टार्टवर जळत नाही. आपण त्या ड्रायव्हरवर जळतोय, त्या गणितवालीवर जळतोय. आपल्या हक्काचं बोलणं यांना फुकटात मिळतंय.

तो परतला नाही. एक चप्पल हातात घेऊन चढ चढला. पोहोचला तेव्हा टोळी येऊन गेलेली होती. त्याने टार्ट मागितलं आणि तिथेच खाल्लं. मेलं चांगलं होतं. तळापर्यंत भाजलेलं, कसलीही घाई न केलेलं.

एप्रनवरचं दुकानाचं नाव वाचून चढावरच्याने त्याला ओळखलं. आतून स्टूल आणून दिलं, पाणी दिलं, आणि अवघडत म्हणाला, “तुमच्या मिसेस दर रविवारी येतात. एक शब्द बोलत नाहीत. मला सारखं वाटतं, माझं काहीतरी चुकतंय. घरी कधी काही म्हणतात का?”

त्या टार्टची स्तुती मास्टरला तोंडपाठ होती. झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवली असती.

“नाही बुवा,” तो म्हणाला. “तुमचं नाव कधी निघालं नाही.”

त्या बिचाऱ्याचा चेहरा पडला. मास्टरला बरं वाटलं. पूर्ण चढ उतरेपर्यंत बरं वाटत होतं.

पुढच्या रविवारी बायको घरी आली ती गप्प. बूट सोडले, पण तोंड उघडेना. मास्टरने भांडं पुसता पुसता सहज विचारल्यासारखं केलं. ती म्हणाली, चढावरच्याने टार्ट बिघडवलं. वर साखरेचा थर दिलाय, बदाम दळून पीठ केलंय, काय काय घातलंय कोण जाणे. चांगला हात होता त्याचा, कोणी डोक्यात भरवलं कुणास ठाऊक.

भांडं केव्हाच कोरडं झालं होतं, तरी मास्टर पुसत राहिला.

“नियम गेला खड्ड्यात,” ती म्हणाली. “उद्या कामावरून सुटले की त्याच्याकडे जाते. समोर बसवून सांगते, कुठे काय चुकलं ते. कोणीतरी सांगायला हवं की नको?”

मास्टरने भांडं खाली ठेवलं. सकाळच्या पफांतला एक उरला होता, तो बशीत घालून तिच्यापुढे ठेवला. नेहमीचा प्रश्न ओठांवर आला होता, तो गिळला.

“आधी मला सांग,” तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं. पफचा तुकडा मोडला, आत काय आहे ते उजेडाकडे धरून बघितलं, आणि पायाने दुसरी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

“बसा मग,” ती म्हणाली. “वेळ लागेल.”