वळणापर्यंत उभी

हिवाळ्यात जपानात सायकल फिरवायला गेलो, तर एकाच दिवसात आभाळानं ऊन, पाऊस आणि बर्फ माझ्या टाळक्यावर ओतला. कोल्हापुरात आता आपली राखच पोचणार, तीही गोठलेली, असं वाटलं.

तेवढ्यात एका जपानी म्हातारीनं घरात बोलावलं. शेगडीवर माझे हातमोजे वाळेपर्यंत ती ते उलटेपालटे करत राहिली.

निघाल्यावर वळून हात केला, तर ती दाराबाहेर बर्फात कमरेत वाकून उभी!

"आजी, आत जावा की! आजारी पडशीला!"

थोडं पुढं जाऊन पुन्हा वळलो, तर ती पुन्हा वाकली.

मग उमगलं. आमच्यात पावणा वळून वळून हात करतो; त्यांच्यात पावणा दिसेनासा होईपर्यंत कुणी आत जात नाही. मी वळत होतो, म्हातारी भिजत होती.

वळणापर्यंत अशी सायकल हाणली, की बर्फसुद्धा मागं पडला. मान मात्र एकदाही वळवली नाही.