तानबा खाकरला की

“थे लेकरू हाय का वांग्याचा कॅरेट? उचललं न टाकलं गाडीत, झालं?”

भूपेंद्र ओरडला. त्याच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. समोर धुऱ्यावर, म्हणजे दोन वाड्यांमधल्या बांधावर, रूपराव उभा होता. त्याची वाडी शेजारचीच, आणि नात्यानं तो चुलतभाऊ. गावातून तोच खबर घेऊन आला होता. भूपेंद्रचा हिंगणघाटचा साळा, बायकोचा भाऊ, गाडी घेऊन दारात उभा आहे, भूपेंद्रच्या पोरीची, रक्षाची बॅग भरून झाली आहे, आणि पोरगी आता मामाकडेच राहणार म्हणतात.

“माह्यावर काऊन चिडतं बे? म्या जे पाह्यलं थे सांगतलं. तुह्यी माय तिले सँडल घालून देऊन राह्यली होती.”

“कोणं बोलावलं त्याले?”

“तुह्या बापानं. साळाच सांगे चहा पेता पेता. शाळेत बी तिकडंच टाकतो म्हणे.”

भूपेंद्रनं हातातलं वांगं कॅरेटमध्ये असं आपटलं की ते फुटलं. “गोऱ्हा इकाचा असला तरी घरात चार जणाले इचारते माणूस. माह्यी पोरगी धाडून राह्यले, न मलेच मालूम नाई.”

तोडणी अर्धी टाकून तो निघाला. चालता चालता त्याला सकाळची गोष्ट समजत गेली, आणि समजत गेली तसा तो जास्तच पेटला. रविवार होता. रविवारी रक्षा त्याच्यासोबत वाडीत यायची. आज मात्र त्याची माय कौशल्याबाई म्हणाली होती की राहू दे तिले घरी, डोकं धुवून देतो. तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. माय आपण होऊन नातीचं करते म्हणून.

भूपेंद्रचं गाव केळझरच्या अंगाला. वडिलोपार्जित दोन तुकडे जमीन, विहीर, आणि बारमाही भाजीपाला. वांगे, भेदरं म्हणजे टमाटर, हिवाळ्यात सांबार, ज्याला पुण्याकडचे कोथिंबीर म्हणतात. माल वर्ध्याच्या बाजारात जातो. बायको हर्षा नर्सिंग शिकायला वर्ध्याला होस्टेलवर राहते. तिला शिकायला धाडायचं ठरवलं ते भूपेंद्रनंच. तेव्हापासून रक्षाचं सगळं त्याच्याकडे. तसं ते आधीपासूनही बरंचसं त्याच्याकडेच होतं.

पहाटे पोरीला उठवून तो वाडीत न्यायचा. विहिरीवर मोटर सुरू केली की पाइपाखाली तिची आंघोळ. मग झोपडीसमोर बसून दोन वेण्या. आधी त्या वेण्या दोरखंडासारख्या व्हायच्या, आता मास्तरीणबाई विचारतात, आई आली का गं घरी. डबा तोच करतो. पाढे वाफ्यातून पाणी फिरवता फिरवता पाठ होतात. तिला उवा झाल्या तेव्हा रॉकेल लावायला निघालेल्या मायला त्यानंच अडवलं आणि केळझरच्या दुकानातून औषध आणून स्वतः एकेक केस विंचरला.

ह्यावरून गावच्या पानठेल्यावर जे बोललं जातं ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाईमाणूस हा त्यातला सभ्य शब्द. बोलणारे कोण, तर ज्यांना आपलं पोरगं दुसरीत आहे का तिसरीत असं विचारलं तर घराकडे तोंड करून बायकोला आवाज देतात ते. त्यांचे तंबाखू-सुपारीचे खर्रे चघळून होतात, दिवस चघळून होतो, लेकरं बायांच्या भरवशावर वाढतात, आणि लग्नपत्रिकेत नाव मात्र बापाचं ठळक. भूपेंद्र त्यांच्या समोरून पोरीला खांद्यावर घेऊन जायचा आणि मुद्दाम हळू जायचा.

पण एका माणसासमोर नाही. त्याच्या बापासमोर, तानबासमोर.

आमच्याकडे जुन्या घरांत अशी रीत होती की वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांदेखत माणसानं स्वतःचं लेकरू उचलायचं नाही. भावाचं घ्या, शेजाऱ्याचं घ्या, कोणी काही म्हणणार नाही. आपलंच पोटचं कडेवर घेतलं की तो निलाजरा. ही रीत बाकी गावातून कधीच गेली. तानबाच्या घरातून गेली नाही, कारण तानबाला कोणी विचारलं नाही आणि त्यानं कोणाला सांगितलं नाही. भूपेंद्र तिच्यातच वाढला. म्हाताऱ्याच्या छातीत तंबाखूचा कफ, त्यामुळं तो येण्याआधी त्याचं खाकरणं यायचं. ते ऐकू आलं की भूपेंद्र पोरीला खाली ठेवायचा आणि दुसऱ्या कामाला लागायचा. पुढं पुढं त्याला ठेवावंही लागेना. खाकरणं ऐकलं की रक्षा आपणच खांद्यावरून घसरून खाली यायची आणि दूर जाऊन उभी राहायची.

तानबाचे गुडघे गेलेले. तो वाडीत येत नाही. घर ते मंदिर एवढाच त्याचा रस्ता, आणि रस्त्यात पानठेला. तिथं त्याला सांगणारे भेटायचे की तुमची नात चिखलात फिरते, उन्हात फिरते. घरी येऊन पाहावं तर बाप पोरीकडे पाठ करून उभा. हर्षा घरात होती तोवर चाललं. ती गेली आणि म्हाताऱ्यानं मनाशी काय ते ठरवलं.

भूपेंद्र दारात पोचला तेव्हा रक्षा गाडीत पुढच्या सीटवर बसली होती. तिला मामाकडे झुला आहे एवढंच सांगितलं होतं. वैभव, म्हणजे हर्षाचा भाऊ, ओट्यावरून उठून उभा राहिला. माणूस वाईट नाही. हिंगणघाटात कापडाचं दुकान, घरात एकच मुलगा, बहिणीवर जीव. भाऊजी, तुमच्या बाबाहीचा फोन आला म्हणून आलो, असं तो म्हणायला लागला. भूपेंद्रनं त्याला हातानंच थांबवलं आणि आधी हर्षाला फोन लावला. तिनंही तेच सांगितलं. मामाजींनी, म्हणजे तानबानं, स्वतः फोन करून म्हटलं, सासऱ्यापुढं मी काय बोलू, आणि मला वाटलं तुम्हालाच झेपेना झालं असेल आणि तुम्हीच सांगायला लावलं असेल. असं म्हणून ती रडायला लागली.

“तू अभ्यास कर,” तो म्हणाला. “पोरगी घरीच हाय.” आणि फोन कापला. बायकोवरही तो चिडलाच होता, पण ते ती घरी येणार त्या पुढच्या शनिवारसाठी ठेवलं.

मग तो बापाकडे वळला. जन्मात पहिल्यांदा त्यानं तानबाच्या डोळ्याला डोळा दिला.

“काऊन धाडून राह्यले तिले?”

तानबानं आवाज चढवला नाही. त्याला कधी चढवावा लागला नव्हता. “बापाचं ध्यान नाई तिच्याकडं म्हणून. म्या रोज पाहून राह्यलो. मी अंगणात आलो का तू तिले जमिनीवर ठेवून चालला जातं. कधी उचललं नाई, कधी डोक्यावरून हात फिरवला नाई. अशा बापापाशी ठेवून का करू?”

भूपेंद्र बापाकडे पाहत राहिला. समोरचा माणूस आपली थट्टा करतो आहे की काय, असं त्याचं तोंड झालं होतं.

“तुम्ही आले म्हणूनच ठेवतो ना, बाबा,” तो शेवटी म्हणाला.

गाडीचं दार उघडून त्यानं रक्षाला बाहेर काढलं. तिचं उजवं पाऊल सवयीनं त्याच्या कमरपट्ट्यावर, एक हात मानेवरच्या दुपट्ट्यात, आणि ती सर्रकन खांद्यावर जाऊन बसली. कौशल्याबाईनं पदर तोंडाला लावला. तानबाला कफ दाटला आणि तो खाकरला.

पोरगी लगेच घसरायला लागली.

भूपेंद्रनं तिची पोटरी घट्ट धरली. “राह्य वरच.”

“आबाजी हाय ना पप्पा,” ती त्याच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“पाह्यलं?” भूपेंद्र म्हणाला, आणि आता त्याचा आवाज फाटला. “शिकवलं कोणं तिले हे? म्या शिकवलं. तुमच्या मानासाठी. चालता येत नोयतं तवापासून तुमच्या मानासाठी तिले खाली ठेवून राह्यलो, न तुम्ही थेच मोजून राह्यले. मले का नाई इचारलं? एक डाव आवाज देऊन इचाराचं होतं, काबे, पोरगी नकोशी झाली का.”

“तुवं बी सांगाचं होतं.”

“तुमच्यापुढं तोंड उघडाची पद्धत हाय का ह्या घरात?”

कौशल्याबाई मध्ये पडली. तिला वाटलं ह्यानं तो निवळेल. तुह्या बापानं बी तुले लई घेतलं, म्हणाली, तुह्या आज्याच्या मांगं, गोठ्यात नेऊन घेत होते, तुले काय मालूम.

“मंग गोठ्यालेच मालूम असन,” भूपेंद्र म्हणाला. “मले आठोत नाई. एक डाव बी आठोत नाई.”

तानबा खाली पाहत काठीचं टोक मातीत फिरवत बसला. गळ्यात कफ घरघरत होता, पण त्यानं तो तसाच गिळला. मग बोलला तेही भलतंच बोलला. पावन्याले म्या बोलावलं, म्हणाला, आता रिकाम्या हातानं कसं वापस धाडू.

“भेदरं न्या म्हणा. डिक्कीत मावते.” मग वैभवकडे वळून जरा खालच्या आवाजात, “जेवून जाजा. तुमच्यावर राग नाई माहा.” खोटंच होतं ते. त्याचा राग सगळ्यांवर होता, वैभववर, मायवर, सँडलवर, त्या भरलेल्या बॅगवर, आणि इतकी वर्षं खाकरण्याला दचकून पोरीला जमिनीवर ठेवणाऱ्या स्वतःवरही. वैभव गपचूप बॅग काढून ओट्यावर ठेवू लागला.

भूपेंद्र रक्षाला खांद्यावर घेऊनच निघाला. पानठेल्यावर कोणीतरी काहीतरी बोललं. एरवी तो ऐकून घ्यायचा. आज थांबला, बोलणाऱ्याला त्याच्या पोरीचं शाळेतलं नाव विचारलं, आणि तो घराकडे तोंड करून बायकोला आवाज देऊ लागला तेव्हा पुढं गेला.

वाडीत रूपराव अजून धुऱ्यावरच होता. काय झालं म्हणून विचारायला त्यानं तोंड उघडलं आणि भूपेंद्रचा चेहरा पाहून मिटलं. रक्षाला झुला कुठं आहे ते हवं होतं. झुला नाई, भूपेंद्र म्हणाला, पाणी हाय, वाफ्यात पाय घाल. ती सँडल काढून पाण्यात शिरली.

तोडलेले वांगे उन्हात पडून मऊ व्हायला लागले होते. शिव्या देत त्यानं कॅरेट सावलीत ओढले, किडके बाजूला फेकले, एक पोतं विहिरीच्या पाण्यात बुडवून मालावर टाकलं. संध्याकाळी माल न्यायला गाडी येणार होती आणि अर्धी तोडणी बाकी होती. तो पुढच्या तासाला, म्हणजे झाडांच्या ओळीला, बसला. पहिल्याच झाडाला इतका हिसका बसला की फांदीच हातात आली. ती फेकून त्यानं पुढचं वांगं देठापाशी धरलं आणि नीट कापलं.