उसळीतून गाळलेली सरोजअत्तिगे

अन्याय सरोजअत्तिगेवर झाला. (अत्तिगे म्हणजे वहिनी.) गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, बेंगळुरूच्या एका मराठी मंडळाचा दिवाळी अंक प्रकाशित झाला, तेव्हा झाला. तिच्या नणंदेनं, पद्मावतीअक्कानं, तिच्यावर लेख लिहून दिला होता. छापून आली ती पावट्याच्या उसळीची कृती. साहित्य, फोडणी आणि शेवटी ‘गरमागरम वाढा’. सरोजअत्तिगेचं नाव कुठंच नाही. ती त्याआधीच्या उन्हाळ्यातच वारली होती, त्यामुळे तक्रार करायलाही उरली नव्हती.

पद्मावतीअक्का माझ्या काकूची मोठी बहीण. काकू लग्न होऊन सांगलीला आली, अक्का बेंगळुरूला चामराजपेटेतच राहिली. शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाल्यावर लिहू लागली होती, आणि त्या अंकानंतर तिनं पेन खाली ठेवलं ते ठेवलंच. हे सांगून काकू मला म्हणाली, “जा तिच्याकडं संक्रांतीपर्यंत. तुझंही डोकं जरा थंड होईल.”

माझ्या डोक्याचं असं, की मी बायकांच्या स्वच्छतागृहांच्या मोहिमेत काम करते आणि तिची सगळी पत्रकं मीच लिहिते. कॉलेजपासून दुसरं काही लिहिलेलंच नाही. हल्ली मैत्रिणीला वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहायला घेतल्या तरी हात ‘तरी तातडीने’कडं वळतो. म्हणून गाडीत बसतानाच ठरवलं होतं: बेंगळुरूत रोज एक पान लिहायचं. त्यात मागणी नको, निषेध नको, ‘आम्ही’ तर नकोच.

बेंगळुरूच्या यशवंतपूर स्टेशनवर सकाळी उतरले. थंडी होती, पण सांगलीसारखी बोचरी नव्हे. बाहेर घाऊक बाजाराकडं वळणाऱ्या कांद्याच्या ट्रकांची रांग. मेट्रो पकडून सिटी मार्केटला आले, तर फुटपाथभर पावट्याच्या शेंगांचे ढीग आणि हवेत त्यांचा चिकट, तेलकट वास. इथले लोक त्याला सोगडू म्हणतात आणि वर्षभर त्याची वाट बघतात. मला तो पहिल्यांदा ओल्या गोणपाटासारखा वाटला.

रिक्षात बसले आणि पहिला गोंधळ घातला. बेंगळुरूत रस्ते दोन जातीचे, ‘मेन’ आणि ‘क्रॉस’. मी पाचवा क्रॉस म्हणायच्या जागी पाचवा मेन म्हणाले आणि भलतीकडंच उतरले. कोपऱ्यावर शेवंतीचे गजरे मोळानं (हातानं मोजून, कोपरापासून बोटांपर्यंत) विकणारी बाई बसली होती. तिला पत्ता दाखवला.

“पद्मा टीचर?” ती हसली. “स्वल्प मुंदे.” (थोडं पुढं.)

ते थोडं पुढं चांगलं लांब निघालं. बॅग ओढत पोचले तेव्हा अक्का दारातच उभी होती.

“अय्यो, मेनला उतरलीस न्हवं? सगळी सांगलीची माणसं मेनलाच उतरतात. तिंडी (नाश्ता) केलीस काय? बस.”

इडली, नारळाची चटणी, स्टीलच्या पेल्यात कॉफी. मी दुसरी इडली संपायच्या आत विषय काढला. अक्कानं ताटात चटणी वाढली आणि म्हणाली, “ते झालं. बेडा.” (नको.) एवढंच.

मला ‘बेडा’ ऐकू येत नाही. मोहिमेत काम करणाऱ्यांचा कान तसा तयार होतो. दुसऱ्या दिवशी मी बस पकडून इलेक्ट्रॉनिक सिटीला गेले. अंकाचा संपादक अमेय तिथं नोकरी करतो, मूळचा नागपूरचा. बस उंच पुलावरून जाते. खाली गच्च्या, टाक्या, वाळत घातलेले कपडे आणि मध्येच एखादं नारळाचं झाड राहून गेलेलं. खिडकीशी बसून मनात भाषण तयार केलं. चांगलं होतं, टाळ्या मिळाल्या असत्या.

अमेय ऑफिसखालच्या दर्शिनीत (उभ्यानं खायचं हॉटेल) भेटला आणि त्यानं एक कॉफी दोघांत मागवली. बेंगळुरूत त्याला बाय-टू म्हणतात. अर्ध्या कपावर माणसाला झापणं अवघड जातं.

“ताई, मला खरंच वाटलं ती रेसिपीच्या आधीची प्रस्तावना आहे,” तो म्हणाला. “ब्लॉगवर असते ना? माझी आजी, माझं अंगण, माझे अश्रू. लोक खाली स्क्रोल करतात. म्हटलं, आपण लोकांचा त्रास वाचवू.”

“ती वारलेली बाई होती.”

त्यानं कप ठेवला.

“हे शेवटी होतं का?”

“शेवटच्या पानावर.”

“मी तिथपर्यंत वाचलंच नाही. उसळ झाली आणि मी थांबलो.” मग हळूच म्हणाला, “रविवारी बसून करतो हो आम्ही हे सगळं. पण चूक माझीच. संक्रांतीच्या कार्यक्रमात वाचू दे त्यांना, पूर्ण. फक्त मॅटर माझ्याकडे नाही. पानांचे फोटो जुन्या फोनमध्ये होते, तो गेला.”

अक्काकडं मूळ कागद नव्हते. अंक बघितला त्या रात्रीच तिनं ते बंबात घातले होते. म्हणजे सरोजअत्तिगे आता कुठंच लिहिलेली नव्हती. आणि अक्का लिहायला तयार नव्हती.

मग मीच लिहिलं. सकाळी गच्चीवर बसून, एका दमात. शीर्षक: ‘स्वयंपाकघरातल्या स्त्रीचा आवाज कोण दाबतं?’ कार्यक्रमात वाटायला प्रती काढायच्या, असं ठरवूनच खाली आले.

अक्का फरशीवर बसली होती. समोर रात्रभर भिजवलेल्या पावट्यांचं भांडं. इथे थंडीत दाणा भिजवून, चिमटीत दाबून साल काढतात. आतली डाळ टुणकन उडते. त्याला हितकबेळे म्हणतात. घरातल्या सगळ्या बायका घेर करून बसतात आणि साली निघेपर्यंत कुणी उठत नाही. त्या घरात आता घेर उरला नव्हता, एकटी अक्का होती.

तिनं चष्मा लावून माझं पान वाचलं. गणिताच्या बाईंनी पेपर तपासावा तसं.

“अन्याय चारदा आला की गं. सरोज कुठं आहे?”

“तिच्याबद्दलच आहे, अक्का.”

“यात ती नाही. यात ‘स्त्री’ आहे. सरोज खो-खो खेळायची ते आहे? इथून तिथल्या पातेल्यात दाणा मारायची, एक चुकायचा नाही, ते आहे?” तिनं पान उलटं करून बघितलं, मागं काही असेल तर. “त्या पोरानं तिला काढून उसळ ठेवली. तू तिला काढून भाषण ठेवलंस. सरी (ठीक). ठेव इथं.”

आणि माझं पान तिनं सालींखाली अंथरलं.

मला राग आला. उठून जावं असं वाटलं, पण घेर मोडायचा नसतो, म्हणून बसले आणि दाणा दाबला. तो माझ्याच गालावर उडाला. अक्का हसली, मी आल्यापासून पहिल्यांदा.

“मनगट सैल सोड, मगळे (पोरी). सरोज म्हणायची, पातेल्याकडं बघायचंच नाही. गड्याच्या पाठीकडं बघायचं.”

“गडी कुठाय?”

“घरात तिचा गडी म्हणजे माझा भाऊ, तिचा नवरा. तो लवकर गेला की. पण त्याची आठवण ती कधी काढायची नाही. काढायची ती शाळेच्या मैदानाची. एकदा फायनलला...” अक्कानं हात पदराला पुसला. “हे मागच्या वेळी लिहायचंच राहिलं होतं.”

“मग लिहा.”

“तू काय लिहिणार?”

मी माझी अट सांगितली: रोज एक पान, मागणीशिवाय. अक्कानं विचार केला. “मग माझी पण अट. रोज एक पान, फोडणीशिवाय. साली निघाल्यावर, आंघोळीच्या आधी. एकमेकीचं वाचायचं, पण पेन लावायचं नाही.”

संक्रांतीपर्यंत तसंच चाललं. अक्का खिडकीशी, मी उंबऱ्यात. पहिल्या दिवशी मला फक्त मोळानं मोजलेली शेवंती सुचली आणि पान अर्धं राहिलं. अक्का म्हणाली, “राहू दे अर्धं. खोटं भरू नको.” त्यानंतर अमेयच्या बाय-टू कपावर लिहिलं, गच्चीवरून दिसणाऱ्या टाक्यांवर लिहिलं. कुणाला काही करायला सांगायचं नाही म्हटल्यावर वाक्य कुठं संपवायचं तेच मला कळत नव्हतं. मग एक दिवस ते आपोआप संपलं आणि मला फार झोप आली. कित्येक महिन्यांत आली नव्हती तशी, भर दुपारी.

संक्रांतीला हॉलमध्ये अर्ध्या बायका तिळगूळ घेऊन आलेल्या, अर्ध्या एळ्ळू-बेल्ला (तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे एकत्र). अक्का वाचायला उभी राहिली. पहिलं वाक्य होतं: “माझी वहिनी सरोज ही बसवनगुडीच्या मैदानात कुणाच्या हाती न लागलेली मुलगी होती.” हॉल हसला. मग अक्का फायनलवर आली आणि मागच्या रांगेतल्या बायका खुर्च्या पुढं ओढू लागल्या. उसळीचा उल्लेख एकदाच आला, तोही ती करपल्याचा.

खाली उतरल्यावर पुण्याहून नवीनच आलेली एक मुलगी धावत आली. “अक्का, किती छान! त्यात खोबरं ओलं घालायचं की सुकं?”

“ते छापलंय,” अक्का म्हणाली. “अंकात बघ.”

अमेयनं पानं दोन्ही हातांनी घेतली आणि शेवटचं पान आधी वाचलं.

परतीच्या गाडीत हे लिहितेय. माझ्या बॅगेला सोगडूचा वास लागलाय आणि तो आता मला गोणपाटाचा वाटत नाही. मोहिमेची पत्रकं मी पुन्हा लिहिणारच, सांगलीच्या बस स्टँडवर अजून दाराला कडी नाही. पण सकाळचं पहिलं पान त्यांचं नाही, हे पक्कं झालं. आधी मी बघितलेलं, मग मी मागितलेलं.

आजची एक मागणी मात्र राखून ठेवली आहे, आणि ती तुमच्याकडे आहे. तुमच्या मंडळाच्या, सोसायटीच्या, शाळेच्या अंकासाठी एखाद्या बाईचा लेख येईल आणि त्यात पातेलं असेल. शेवटच्या पानापर्यंत वाचा. पूर्ण छापा. आणि ती बाई तुमच्याच घरात असेल, तर उद्या सकाळी साली तुम्ही काढा, तिला खिडकीशी बसू द्या.