आईंची वीत, माझी वीत

माझी मुलगी आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे. कपडे मोबाइलवरून मागवते आणि खांद्यात बोटभर सैल आले तरी परत पाठवते. "आई, फिटिंगच नाही गं," म्हणते. मी कपाळाला हात लावते. या पोरीला वयाच्या सात वर्षांपर्यंत एकही कपडा मापाचा आला नव्हता. तिच्या लहानपणच्या फोटोंत तिचे हात दिसत नाहीत, नुसत्या बाह्या दिसतात. एका फोटोत तर ती फ्रॉक घालून बसली आहे की फ्रॉक तिला घालून बसला आहे, हे सांगता येत नाही.

शिवत मीच होते. शिवणकाम मला येत नव्हतं असं कोणी म्हणू नये, मला राग येतो. तुमसरला लग्नाआधी मी शिवणाचा क्लास पुरा केला होता आणि लग्नात वडिलांनी मशीन दिली होती. क्लासमध्ये टेप गळ्यात अडकवूनच बसावं लागे. पण लग्न होऊन पवनीला आले आणि कळलं की या घरात वाढत्या लेकराला टेप लावत नाहीत.

"टेप लावला का लेकराची वाढ थांबते," सासूबाई म्हणाल्या.

मी हसले. तेव्हा त्यांनी पुरावा दिला. माझे एक चुलत दीर होते. त्यांना पहिलीत शाळेच्या ड्रेससाठी टेप लावला आणि ते कसेबसे पाच फुटांपर्यंत पोचून थांबले. त्यांचे आईवडील दोघंही तेवढेच होते, हे मी लक्षात आणून दिलं. "मंग त्यायलेबी कोणी लावला असन टेप," सासूबाई म्हणाल्या. अशा बाईशी वाद घालून काय उपयोग?

मी गुपचूप लावायचं ठरवलं. मुलगी वर्षाची होती, पाळण्यात झोपलेली. झबल्यासाठी माप घेतलं आणि त्याच आठवड्यात तिला दात यायला लागले, ताप चढला, पोरगी अर्धी झाली. दातांचा ताप होता, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तरी मी घाबरले. शिकलीसवरली बाई, पण पोटची पोरगी पणाला कोण लावणार? टेप गुंडाळून मशीनच्या खणात टाकला आणि पुन्हा लेकराच्या अंगाला लावला नाही.

मग माप घ्यायचं कशाने? तर हाताने. हात घरचा, त्याने काही बिघडत नाही. सासूबाई पोरीला ओट्यावर उभी करायच्या, तिच्या मुठीत फुटाणे द्यायच्या आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हात ताणून वीत-वीत मोजत जायच्या. फुटाणे संपेपर्यंत पोरगी हलत नसे. माझ्यापुढे ती एवढी उभी राहिली नसती, म्हणून मोजायचं काम त्यांचं. त्या ओट्यावरून ओरडायच्या, "लांबी चार विती! छाती साडेतीन!" आणि मी आत कापडावर आपला हात ताणून खुणा करायची, कात्री चालवायची.

दर वेळी फ्रॉक मोठा व्हायचा. चांगलाच मोठा. खांदे दंडावर, घेर घोट्यावर. शेजारणी विचारायच्या, "काहून वो, एवढा मोठा?" की सासूबाई ठसक्यात सांगायच्या, "वाढत्या अंगाचा हाय. सून माही दूरचं पायते." मला बरं वाटायचं. या घरात माझं कौतुक सहसा होत नसे, मग मिळालं ते मी कशाला नाकारू? हळूहळू मलाही वाटायला लागलं की मी मुद्दामच मोठं शिवते. मी खालून चार बोटं दुमडायची, खांद्याला चिमटे घ्यायची, वरून कंबरेला नाडी. पोरगी धानाच्या पऱ्ह्यासारखी सरसर वाढत होती, दर दिवाळीला एकेक दुमड उसवायची. पण फ्रॉक अंगाला नीट बसायला लागेपर्यंत त्याचा रंग उडालेला असायचा. नव्या फ्रॉकमध्ये पोरगी बुजगावणं दिसायची आणि जुन्यात भिकारीण.

असं सगळं सुखात चाललं होतं. मग धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं आणि त्याच उन्हाळ्यात सासऱ्यांनी माग बंद करायचं ठरवलं.

सासरे विणकर. त्यांच्या वडिलांपासून घरात माग होता. पण त्यांच्या डोळ्यांना आता कोशाचा, म्हणजे रानरेशमाचा, बारीक धागा दिसेनासा झाला होता, आणि माझा नवरा दुसऱ्याच्या दुकानात हिशेब बघण्यात खूश होता. तुटलेला धागा जोडायला सासऱ्यांना दर वेळी कोणाला तरी हाक मारावी लागे, आणि हाक मारणं त्यांना अजिबात आवडत नसे. एक दिवस त्यांनी मागावरून शेवटचं कापड उतरवलं. मधाच्या रंगाचं, हाताला गार लागणारं. घडी करून माझ्यापुढे ठेवलं.

या माणसाला कात्रीचा मनस्वी तिटकारा. विणलेलं कापड अखंडच असावं, लुगडं, धोतर, दुपट्टा, हे त्यांचं मत. मी मशीनवर बसले की ते उठून बाहेर जायचे. जन्मात त्यांनी कापडाला कात्री लावली नव्हती. कोशाचा एक दुपट्टा त्यांनी स्वतःच्या लग्नासाठी विणला होता, तो प्रत्येक कार्याला त्यांच्या खांद्यावर असायचा, आणि त्याला कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे. असा माणूस आपण होऊन मला कापड देत होता.

"पोट्टीले शिवजो," ते म्हणाले. "आत्याच्या लग्नात घालन. मले पाहाचं हाय." मग दाराशी जाऊन वळले. "नीट कापजो. याच्यामागं आता कापड नाही."

एवढं बोलणं त्यांना महिनाभर पुरतं. मला रडू आलं आणि भीतीही वाटली. दुसरं काही बिघडलं तर बाजारात मिळतं. हे बिघडलं तर कुठून आणणार?

भीती सासूबाईंनाही वाटली, पण त्यांची भीती नेहमी हुकूम होऊन बाहेर पडते. "हे कापड मी कापीन," त्या म्हणाल्या. "जलमभर याच्या धाग्याच्या कांड्या मी भरल्या. कात्रीबी माहीच लागन." मी म्हटलं, बरं. मनात आलं की आयतीच जोखीम टळली. पण मी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलीला घेऊन तुमसरला माहेरी निघाले होते, गाडीची वेळ झाली होती. तेव्हा ठरलं असं की माप मी तिकडून फोनवर सांगायचं, त्यांनी इकडे कापून ठेवायचं आणि लग्नाआधी येऊन मी शिवायचं.

तुमसरला मी पोरीला उभी केली, मुठीत फुटाणे दिले आणि विती मोजल्या. फोनवर सांगितलं, "लांबी साडेतीन विती, छाती तीन."

"एवढीच?" सासूबाई म्हणाल्या. "मागच्या दिवाळीले तं साडेतीन होती छाती. खाऊ घालून राहिली का नाही पोरीले?"

मला राग आला. माझ्या माहेरी पोरीला उपाशी ठेवतात की काय! मी म्हटलं, "आई, आहे तेवढीच आहे. उन्हाळ्यात पोरं सुकतात." आणि फोन ठेवला. तो राग थोडा आवरला असता आणि दोन मिनिटं विचार केला असता, तर पुढचं टळलं असतं. पण मग मी मी कसली?

चार दिवसांनी त्यांचाच फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. कापून झालं होतं, आणि त्यांनी इतकं बेतून कापलं होतं की कापड बरंच उरलं. उरलेल्या कापडाचे त्यांनी आणि नणंदेने रुखवतात मांडायला बटवे शिवले होते, मणी लावून. "तू कापलं असतं तं चिंधी उरली नसती," त्या म्हणाल्या. मी मुकाट्याने कौतुक केलं.

लग्नाच्या दोन दिवस आधी मी पवनीला पोचले. मांडव पडला होता, घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी थेट मशीनवर बसले. कापलेले भाग हातात घेतल्यावर मला जरा शंका आली होती, खोटं कशाला सांगू? पण मोठमोठे फ्रॉक शिवायची सवय झालेली, म्हटलं बेताचा फ्रॉक असाच दिसत असेल. शिवून झाला. फारच देखणा झाला होता. पोरीला बोलावलं आणि डोक्यातून चढवला.

डोकं आत गेलं. हात आत गेले. पुढे काही जाईना.

मी ओढलं, सासूबाईंनी ओढलं. शिवणीत आत जी माया सोडलेली असते, ती सगळी उसवली. तरी नाही. पोरगी हात वर करून, तोंड कोशात गुंडाळून आतून भोकाड पसरत होती.

"एवढी वाढली कायले एका महिन्यात?" सासूबाई तिच्यावरच खेकसल्या.

"ती नाही वाढली. तुम्ही लहान कापलं!"

"मी? तीन विती म्हणाली, तीन विती कापलं! माया वरून सोडली!"

"मी या हातानं मोजलं, या!" म्हणून मी मशीनच्या फळीवर पंजा आपटला, अंगठा ते करंगळी ताणून. त्याच रागात त्यांनी शेजारी आपला पंजा आपटला. "अन् मी याच्यानं कापलं!"

आणि दोघींनी खाली पाहिलं.

फळीवर शेजारी-शेजारी दोन हात होते. एक माझा. माझ्या वडिलांनी राइस मिलमध्ये आयुष्यभर पोती वाहिली, आणि आम्हा सगळ्या भावंडांना हात त्यांचेच मिळाले. भरली घागर मी एका हाताने उचलते. दुसरा सासूबाईंचा. त्यांच्या करंगळीचं टोक माझ्या करंगळीच्या बुडाशी येत होतं. इतकी वर्षं त्या आपल्या विती मोजत होत्या आणि मी माझ्या विती कापत होते. माझी दूरदृष्टी ती एवढीच. आणि या वेळी पहिल्यांदाच मी मोजलं, त्यांनी कापलं.

"बाप्पा," सासूबाई हळूच म्हणाल्या. मला भयंकर हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती. कापड संपलं होतं. राहिलेलं बटव्यांमध्ये मणी लावून बसलं होतं.

सासऱ्यांपासून लपवायचं ठरलं. पोरीला घामोळं आलंय, कोसा टोचतो, असं सांगायचं. आमची ही कुजबुज चालली असताना पोरीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ती तशीच, हात वर, डोळे झाकलेले, रडत-रडत दाराबाहेर पळाली आणि मांडवात खुर्च्या मोजत असलेल्या आजोबांच्या पोटावर जाऊन आदळली.

आम्ही मागून धावलो. सासऱ्यांनी तिला धरलं, फ्रॉक हलकेच वर काढून घेतला. फ्रॉककडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. सासूबाई पटकन माझ्यामागे लपल्या. हे मी तेवढं एकदाच पाहिलं. सासरे वळून घरात गेले. मला वाटलं, आता ते जेवणार नाहीत, लग्नाला उभे राहणार नाहीत, माझ्याशी तर जन्मात बोलणार नाहीत.

ते परत आले तेव्हा हातात त्यांचा दुपट्टा होता.

"कात्री आन," ते मला म्हणाले.

"अजी, लग्नात खांद्यावर काय घेसान?" सासूबाई कळवळल्या.

"खांदा हाय ना मले. पुरे." मी कात्री आणून दुपट्टा घ्यायला हात पुढे केला, तशी त्यांनी कात्रीच माझ्या हातून घेतली. "तुम्हा दोघींच्या हाती आता मी काही देत नाही. टेप आन."

"टेप?" सासूबाईंचा चेहरा उतरला. "अन् पोरीची वाढ थांबली तं?"

"थांबन तं थांबू दे," सासरे म्हणाले. "कापड सरलं आता."

मी खणातून टेप काढला. पोरगी ओट्यावर उभी राहिली. मी माप घेत होते आणि सासूबाई बाजूला मीठ-मोहऱ्या मुठीत धरून पुटपुटत होत्या. सासऱ्यांनी दुपट्टा मांडीवर पसरला. कात्रीचं टोक काठाला लावलं, काढलं, पुन्हा लावलं. पहिला काप घेतल्यावर ते थोडे थांबले. मग सरळ कापत गेले. मी दोन्ही कुशींना त्याच्या पट्ट्या घातल्या, खाली झालर लावली. जुना कोसा नव्यापेक्षा गडद झालेला, त्यामुळे मुद्दाम तसं केल्यासारखं दिसत होतं. फ्रॉक अंगाला अगदी बरोबर बसला. पोरगी आरशासमोरून हलेना. आपल्याला कंबर आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

लग्नात सासरे साध्या पांढऱ्या सदऱ्यात उभे होते. सगळ्यांच्या खांद्यावर काही ना काही होतं, त्यांचाच खांदा रिकामा. मला ते बघवत नव्हतं. शेवटी व्याह्यांनी विचारलंच, "मुलीचे बाप तुम्ही, अन् दुपट्टा कुठी राहिला?"

वाजंत्री जोरात वाजत होती. सासऱ्यांनी मान उंच करून गर्दीत शोधलं. अंधुक डोळ्यांनाही तो रंग बरोबर सापडला असावा, कारण ते हसले.

"तो पाहा ना," ते म्हणाले, "तिकडं नाचून राहिला."