दर मंगळवारी बसणारं चाक

धोंडप्पाला रागवायला कारण लागत नसे. टबातलं पाणी जरा गार लागलं तरी तो पाण्यावर खेकसायचा. पालमच्या बसथांब्यासमोर त्याचं पंक्चरचं पत्र्याचं दुकान. गाडी थांबली की तो टायर उचकटायची लोखंडी टॉमी घेऊन चारही चाकांवर एकेक टोला हाणायचा, कान तिरका करायचा आणि ड्रायव्हरवर तुटून पडायचा.

"मागलं डावं पाच पौंडानं कमी हाय! कामून पळवायलास असं? आत मानसं हायती का ज्वारीची पोती?"

हवेचं गेज त्याच्याकडं होतं, पण खिळ्याला टांगलेलं. कुणी हट्टानं ते लावून बघितलंच, तर कमी निघायची ती पाच पौंडच. म्हणून लोक त्याच्या शिव्या ऐकून घेत. हा माणूस चाकाबद्दल खोटं बोलत नाही, एवढी एकच इस्टेट त्यानं आयुष्यात केली होती.

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात ती इस्टेट पणाला लागली.

बन्सीधर सवारी जीप चालवायचा आणि संध्याकाळी आणून रात्रभर ती दुकानासमोरच लावायचा. सोमवारी संध्याकाळी धोंडप्पा मागच्या दोन्ही चाकांत हवा भरायचा. मंगळवारी सकाळी मागचं डावं चाक जमिनीला टेकलेलं! तीन आठवडे हेच. धोंडप्पा व्हॉल्व्हची पिन काढायचा, सवयीनं तिला फुंकर मारायचा, ट्यूब बाहेर ओढायचा, पिन बसवून हवा भरायचा आणि ट्यूब टबात बुडवायचा. बुडबुडा एक नाही. ट्यूबला शिव्या, टायरला शिव्या, टायर बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या. मग आठवडाभर चाक गुणी बाळासारखं चालायचं.

तिसऱ्या मंगळवारी बन्सीधर भर थांब्यावर म्हणाला, "धोंडप्पा, रातच्याला तूच हवा सोडायलास. सकाळी तुलाच काम मिळावं म्हनून."

थांब्यावरच्या हॉटेलात चहाच्या बशा तोंडाशी थांबल्या. धोंडप्पा ओरडेल म्हणून लोकांनी वाट बघितली. तो ओरडला नाही, आणि त्याचीच लोकांना जास्त भीती वाटली.

"फुडल्या मंगळवारी चाक बसलं," तो दातावर दात ठेवून म्हणाला, "तर ही टॉमी तुव्ह्या हातात देतो आन दुकानाला कुलूप लावतो."

पुढचा मंगळवार उजाडला आणि चाक बसलेलं. अर्धा बाजार जमला. धोंडप्पानं संतापानं टोपण काढलं, पिनेला हिसके दिले, पण ती काही निघेना. तेव्हा तो व्हॉल्व्हवर नुसता थुंकला. रागानंच थुंकला. उरल्यासुरल्या हवेनं थुंकीला एक बारीक बुडबुडा आला. फुटला. पुन्हा आला.

त्यानं पिन कशीबशी काढली, फुंकर मारायला तोंडाशी नेली आणि थांबला. पिनेच्या बुडाला करडी राख चिकटली होती. बोटावर चोळली तर पिठासारखी मऊ. मान वर केली तर जीपच्या आरशात त्याचंच कपाळ, आणि कपाळावर त्याच राखेचे तीन पट्टे.

"माऽऽय!"

म्हातारी नागुबाई दुकानामागच्या घरातून डोक्यावरचा पदर सावरत आली.

"ह्या चाकाला इभूत कुनी लावली?"

"म्या. सोमवार व्हता न्हवं काल. तुव्हा पाना पुजते, हातोडी पुजते. हे चाक आपल्या दाराकडं असतंय, भाकर देतंय, ह्याला कसं सोडू?"

"आन टोपन कामून काढलं?"

"टोपी घालून कुनी इभूत लावून घेतंय व्हय रं? लावली, पुन्ना घातली की."

थांबा खदखदून हसला. धोंडप्पा मात्र कानापर्यंत लाल झाला. माय संध्याकाळी जीप येताच राख ठेवायची, मग तो स्वतःच हवेच्या जोरानं ती आत ढकलायचा आणि सकाळी स्वतःच फुंकर मारून पुरावा उडवायचा. मायवर ओरडायची सोय नव्हती. शेवटी त्यानं रिकाम्या टबाला लाथ घातली आणि टॉमी उचलून बन्सीधरच्या अंगावर धावला.

"चूक मव्ह्या घरातली हाय! आयकू आलं का? तुव्हं चार दिवस नुस्कान झालं, ते मव्ह्यामुळं! घे ही टॉमी!"

बन्सीधर दोन पावलं मागं सरकला. "आरं, माफी मागायलास का मारायलास?"

"माफीच मागायलोय!" धोंडप्पा गरजला.

बन्सीधरनं टॉमीकडं बघितलं, मग बसलेल्या चाकाकडं. "मला घिऊन काय करू? मला टोला कुठं कळतोय?" तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी बी लय वंगाळ बोललो. चुकलं मव्हं. ठिव ती. बाकीची चाकं बघ, सवाऱ्या खोळंबल्यात."

धोंडप्पानं टोला हाणला, कान तिरका केला.

"फुडलं उजवं तीन पौंडानं कमी हाय! कामून पळवायलास असं?"

"चुकलं, धोंडप्पा," बन्सीधर म्हणाला. गेज खिळ्यालाच होतं. ते मागायला कुणी गेलं नाही.

"आन म्या सोमवारी इभूत कुठं लावू?" नागुबाईनं विचारलं.

धोंडप्पानं कपाळावर हात मारला. "रिंगवर लाव, माय. तिला टोपी नसती."