चकाकी उतरवणारा दिग्या

"भाऊजी, आज गाडी आणू नका."

त्या मंगळवारी सकाळी सहाला दहा कमी असताना शुभांगीवहिनींचा फोन आला, तेव्हा मी पायात मोजे घालत होतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार हे आमचे ठरलेले वार. सव्वासहाला लालबागला चाळीखाली गाडी लावायची, दिग्याला घ्यायचं आणि सातच्या आत परळच्या हॉस्पिटलात डायलिसिसला पोहोचवायचं. मला वाटलं, स्वारीने पुन्हा संप पुकारला. महिन्यातून एकदा तो "आज नाय येणार जा" म्हणून भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि मग वहिनी मला वर बोलवायच्या. म्हणून मी म्हणालो, "वहिनी, त्याला म्हणावं नखरे पुरे, मी येतोच आहे." त्या म्हणाल्या, "नाही हो भाऊजी. चहाला उठवायला गेले, तर उठलेच नाहीत." माझा एक मोजा पायात होता, दुसरा हातात. हातातला मोजा मी नीट घडी करून कपाटात ठेवला, असं माझी बायको नीता सांगते. मला ते आठवत नाही. मी टॅक्सीने गेलो. वहिनींनी गाडी आणू नका म्हटलं होतं म्हणून नाही आणली, त्या वेळी डोक्यात एवढंच शिरलं होतं.

त्याला आता सात आठवडे झाले. दिगंबर तावडे हे त्याचं नाव नोकरीतल्या हजेरीपटाखेरीज कुठे वापरलं गेलं असेल, असं मला वाटत नाही. आमची ओळख सोळाव्या वर्षी शिवाजी पार्कातल्या एका क्लबच्या नेटमध्ये झाली. मी दादरचा, पाठारे प्रभूंच्या घरातला, तीन पिढ्यांच्या कारकुनीमुळे इस्त्रीच्या कपड्यांची सवय लागलेला. तो लालबागचा, वडील गिरणीत साच्यावर कापड विणणारे, मूळ गाव मालवणकडे. मी फास्ट बोलर, म्हणजे मी स्वतःला तसं समजायचो, आणि तो डावखुरा स्पिनर. आमचं पहिलं भांडणही यावरूनच. चेंडूची एक बाजू पँटवर घासून घासून मी तिचा आरसा करायचो. कपडे धुताना त्या लाल डागांवरून आई माझा उद्धार करायची. आणि दिग्या पंधरा षटकं मिड-ऑफला उभा राहून कुरकुरायचा, "शिऱ्या, किती घासशील रे? तोंड बघायचंय काय त्यात? माझ्या बोटांत नको काय राहायला!" चेंडू हातात आला की तो आधी वाकून बोटं मातीत घासायचा, रुमालाने चेंडू कोरडा करायचा, मग दोन बोटं शिवणीवर आडवी ठेवून क्षणभर डोळे मिटल्यासारखे करायचा. त्याचे चेंडू वळायचे. माझे स्विंग व्हायचे, असं मी आजवर सांगत आलोय, आणि ते खोटं पाडू शकणारा एकमेव साक्षीदार आता गेला.

पुढे मी बँकेत लागलो, तो गोदीत कारकून झाला. लग्नं झाली, मुलं झाली, गुडघे बोलायला लागले, खेळ सुटला. घासायची सवय मात्र माझ्या हातातून गेली नाही. निवृत्त झाल्यावर मी हौसेने एक जुनी पण ऐटबाज गाडी घेतली, चामड्याच्या स्टेअरिंगची. दर रविवारी तिची साग्रसंगीत आंघोळ. डॅशबोर्डला लावायचं ते चकचकीत पॉलिश मी डॅशबोर्डला लावायचो, दारांना लावायचो, आणि शेवटी तेच फडकं अगदी प्रेमाने स्टेअरिंगवरून फिरवायचो. दीड वर्षात ते असं झळकायला लागलं की शेजारी विचारायचे, नवीन बसवलंत का? आणि मग एका सकाळी दादरच्या फुलबाजाराजवळ वळताना ते स्टेअरिंग माझ्या तळव्यांतून निसटलं. पुरतं नाही, वीतभर. पण तेवढं पुरलं. झेंडूची हातगाडी ओढणारा माणूस उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. कोणाला खरचटलंही नाही. दोन टोपल्या उलटल्या, फुलं रस्ताभर झाली. मी खाली बसून ती गोळा करत होतो आणि माझे हात इतके थरथरत होते, की तो माणूस शिव्या द्यायचा थांबला आणि म्हणाला, "काका, राहू द्या ती फुलं. आधी पाणी प्या तुम्ही."

मी गाडीवर खोळ चढवली. आपले हात गेले, वय झालं, असं मनाशी ठरवून टाकलं. शेजारी बसलेल्या नीताने सगळं पाहिलंच होतं, तिच्याखेरीज कोणाला सांगितलं नाही. लोकांना सांगायचो, दादरला पार्किंग मिळतं कुठे? असे आठ महिने गेले. त्याच सुमाराला दिग्याच्या किडन्यांनी राजीनामा दिला. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीन. पहिले काही दिवस वहिनी त्याला टॅक्सीने न्यायच्या, पण त्यांचे गुडघे त्याच्यापेक्षा वाईट. एकदा माझ्याकडे बसलेला असताना, मोजून दिलेल्या वाटीभर चहाचा घोट घेत तो म्हणाला, "शिऱ्या, सकाळचा मला सोडशील काय रे? टॅक्सीवाले जवळचं भाडं म्हटलं की मान फिरवतात." पन्नास वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. आणि मी म्हणालो, "गाडीचं काम निघालंय रे." तो "बरं" म्हणाला आणि विषय बदलला. तो गेल्यावर मला जेवण गेलं नाही. फुलबाजारात वाटली नव्हती एवढी स्वतःची लाज मला त्या दिवशी वाटली.

पुढच्या रविवारी तो न कळवता आला, खांद्याला शबनम लावून. "चल खाली, गाडी दाखव." नीताने त्याला फोन करून सगळं सांगितलं होतं, हे मला लगेच कळलं, कारण ती एकदम ओट्याकडे वळून भांडी विसळायला लागली. दिग्या गाडी चालवायला कधीच शिकला नव्हता. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला, स्टेअरिंगवर डावा हात ठेवला, दोन बोटं शिवणीवर आडवी, आणि खो खो हसत सुटला. "अरे माझ्या कर्मा! शिऱ्या, नवा बॉल केलायस तू ह्याचा!" मग हसू आवरून माझ्याकडे बघत म्हणाला, "तुझे हात नाय गेले रे झिला. हा कोणाच्याच हातात राहणार नाय."

शबनममधून त्याने एकेक वस्तू काढली. लहान बाळाचा साबण, मऊ दातांचा टूथब्रश, जुन्या बनियनचे तुकडे. रे रोडला गाड्यांच्या सीटा शिवणारा कोणी ओळखीचा होता, त्याला विचारून आला होता. मी म्हटलं, वरून कव्हर घालू या ना. तो म्हणाला, "मग आत स्टेअरिंग एकीकडे फिरेल आणि वर कव्हर दुसरीकडे." मी म्हटलं, थिनर मारू, एका झटक्यात निघेल. "पॉलिश निघेल, रंगपण निघेल, मग बस बोंबलत." त्याने कोमट पाणी मागवलं. फडकं ओलं करून घट्ट पिळायचं, साबणाचा थोडासा फेस, आणि वीत-वीतभर भाग हलक्या हाताने पुसत जायचं. फडकी काळी निघत होती; पॉलिश, माझा घाम, केसांना लावलेलं खोबरेल, सगळं त्यात होतं. शिवणीत तर मेणासारखा थर बसला होता, तो त्याने ब्रशने टाका-टाका करून काढला. डायलिसिससाठी त्याच्या उजव्या हातात नस जोडलेली होती, त्या हाताला जोर द्यायचा नव्हता. सगळं डाव्या हाताने. मी "दे इकडे" म्हटलं की म्हणायचा, "तू घासायचं नावपण काढू नको. तुझं घासणं बघितलंय मी." तीनदा पुसून, कोरड्या फडक्याने टिपून, दारं उघडी ठेवून तासभर सावलीत वाळवलं. वाळल्यावर ते स्टेअरिंग अगदी निस्तेज, जुन्या चपलेसारखं दिसायला लागलं. मी हळहळलो, "गरीब दिसतंय रे." तो म्हणाला, "दिसू दे गरीब. हात लाव." मी हात लावला. जिथे ठेवला तिथे तो राहिला. बाकी काही नाही, पण माझे डोळे भरून आले, आणि दिग्याने मुकाट्याने बनियनचा एक तुकडा पुढे केला... काळा झालेला.

त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी तो मला फाइव्ह गार्डनच्या झाडांखालून गाडी फिरवायला लावायचा. मशीनचा वार असला तर सकाळऐवजी, घरी येऊन जेवला की संध्याकाळी हजर. शेजारी बसून "मी अंपायर आहे, बोलणार नाय" असं म्हणायचा आणि अखंड बोलायचा. माझे खांदे ताठले की, "आवळू नको रे. चेंडू आवळून धरलास तर सुटेल कसा?" मग एका मंगळवारी मी त्याला हॉस्पिटलच्या दाराशी नेऊन सोडलं. उतरताना त्याने खिशातला रुमाल काढून स्टेअरिंग एकदा पुसलं, जसं षटक संपल्यावर चेंडू पुसून दुसऱ्याच्या हातात द्यावा. पुढे दीड वर्ष तेच. साबण, ब्रश आणि रुमाल यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात कायमचं बिऱ्हाड केलं.

मशीनवरून सुटला की तो पिळलेल्या फडक्यासारखा व्हायचा. गाडीत बसताच सीट मागे पाडून डोळे मिटायचा. परळहून लालबाग म्हणजे किती? दहा मिनिटं धरा. पण चाळीखाली आल्यावर त्याला हलवून उठवायचं, तीन मजले चढवायचे, हे माझ्या जिवावर यायचं. म्हणून मी गाडी सरळ दादरकडे वळवायचो आणि फाइव्ह गार्डनला हळूहळू फेऱ्या मारत राहायचो. तो जागा झाला की घड्याळ बघायचा, "काय रे, एवढा वेळ?" मी म्हणायचो, "ट्रॅफिक होता." तो म्हणायचा, "ह्या लालबागला ट्रॅफिक लय वाढलाय." आणि पुन्हा डोळे मिटायचा.

खरं सांगायचं तर त्या दीड वर्षात मी जरा फुगलोच होतो. बिल्डिंगमधले लोक म्हणायचे, शिरीषराव, असा मित्र मिळायला भाग्य लागतं. मी हात जोडून "अहो, त्यात काय" म्हणायचो आणि मनात म्हणायचो, खरंय.

बाराव्या दिवशी माझी हवा निघाली. जेवणं झाल्यावर दिग्याचा पुतण्या संदेश म्हणाला, "शिरीषकाका, चला, सोडतो तुम्हाला." खाली त्याची स्वतःची टॅक्सी उभी होती. तो त्याच चाळीत, दिग्याच्या खालच्याच मजल्यावर राहतो. मी थबकलो. "तू टॅक्सी चालवतोस?" "चार वर्षं झाली की, काका." "मग दिग्याला..." संदेश मान खाली घालून हसला. "पहिले काही दिवस मीच सोडायचो दोघांना, पुढे पण मीच सोडतो बोललो. हाकलून दिला मला. बोलले, तुला कोणीपण पॅसेंजर मिळेल. शिऱ्याची गाडी सडते खोळीत, आणि तोपण." मग दादरला मी उतरत असताना म्हणाला, "आणि ते फाइव्ह गार्डनचं पण सांगायचे आम्हाला. शिऱ्या मला गोल गोल फिरवतो, त्याला वाटतं मी झोपलोय. बोलायचे, मी डोळे उघडत नाय, त्याचा हात चांगला बसतोय."

मला राग आला. अगदी खरा राग. दीड वर्ष हा माणूस सुया टोचून घेऊन, पिळून निघून, वर माझी प्रॅक्टिस घेत होता, आणि मी उपकार करतोय असं मला वाटू देत होता! भांडायला तो हवा होता. दोन दिवस मी नीताशी नीट बोललो नाही, कारण दिग्याशी बोलता येत नव्हतं. त्या दिवशी फुलबाजारात दोष पॉलिशचा किती आणि माझा किती, हे मला आजही ठाऊक नाही. त्यालाही ठाऊक नसावं. पण त्याने सगळा दोष चेंडूवर टाकला आणि मला वाचवलं. मला त्याची फार आठवण येते. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी तर सकाळी साडेपाचलाच जाग येते आणि उठून करायला काही नसतं.

दिग्या गेला त्या दिवसापासून गाडी पुन्हा खोळीत होती. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आता विकून टाका, कुठे जाणार आहात?" मी "बघू" म्हणालो. आणि परवाच्या मंगळवारी मोजे चढवून खाली गेलो. खोळ काढली. शेजारची सीट तशीच मागे पाडलेली होती, ती मी सरळ केली नाही. कप्पा उघडला. साबणाची वडी झिजून पातळ झाली होती, आणि तिच्या पाठीवर दोन बोटांचे खळगे होते, शेजारी शेजारी. तिला मी हात लावला नाही. रुमालाने स्टेअरिंग कोरडं पुसलं, हात ठेवले. जिथे ठेवले तिथे राहिले. चाळीखालून गेलो, हॉस्पिटलच्या दारावरून गेलो, आणि गाडी दादरकडे वळवली. फाइव्ह गार्डनला सावकाश फेऱ्या मारल्या, धक्का बसू न देता, शेजारी कोणी झोपलंय अशा बेताने. किती मारल्या ते मोजलं नाही.

घरी आलो तेव्हा नीता दारातच उभी होती. "अहो, कुठे होतात एवढा वेळ?"

"ट्रॅफिक होता," मी म्हणालो.