कानडीतला बायोडाटा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कानडी अक्षरांतला तो बायोडाटा मात्र अजून डोळ्यांसमोर येतो, आणि दरवेळी हसू येतं.

तेव्हा मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून रात्रपाळीच्या अंमलदाराकडून लॉकअपची माहिती घेत होतो, तोच एक बाई आत आल्या. क्रांती चौकाजवळ त्या बौद्ध वधू-वर परिचय केंद्र चालवत. त्यांनी एक छापील कागद टेबलावर ठेवला. वर मुलीचा फोटो आणि खाली सगळा मजकूर कानडीत.

"कालपासून ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आमची वेबसाइट अशीच दिसायली, साहेब. एकूण एक बायोडाटा. लोकांच्या लेकींचे फोटो, पत्ते, फोन नंबर आहेत त्यात. ऑफिसात आलेले आईबाप हे बघून विचारायलेत, आमच्या पोरीची माहिती कुणाच्या हाती गेली?"

"कुणावर संशय?"

"संशय नाय, खात्री आहे. माझा मावसभाऊ."

केंद्र दोघांनी मिळून काढलं होतं. वेबसाइट भावानेच बनवून घेतली होती, पासवर्डही त्याला ठाऊक होता. पुढे भांडण झालं, त्याने मुकुंदवाडीत स्वतःचं केंद्र उघडलं आणि दोघांचं बोलणं तुटलं.

मी तक्रार अर्ज घेतला, सायबर शाखेला कळवलं आणि मुकुंदवाडीतल्या आमच्या जुन्या खबऱ्याला फोन लावला. दुपारी त्याचा निरोप आला.

"माणूस तसा सरळ हाय साहेब. पण एक सांगतो, तो लई वर्षं हुबळीला कामाला होता. कानडी एकदम फर्राटेदार बोलतो."

पोलिसाला आणखी काय हवं? हेतू होता, पासवर्ड होता, भाषाही होती. मी त्या भावाला ठाण्यात बोलावून घेतलं.

पन्नाशीचा गृहस्थ, इस्त्रीचा सदरा. खुर्चीत बसतानाच म्हणाला, "रविवारी माझ्या पोरीचा साखरपुडा हाय, साहेब. मला ठाण्यात बोलावलंय हे सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर मी काय सांगू?"

"खरं सांगा, म्हणजे लवकर सुटाल. कानडी येतं तुम्हाला?"

"येतं की. लपवायचं काय त्यात?"

मी तो कागद पुढे सरकवला. "मग वाचा."

पुरावा हातात दिला की गुन्हेगार तो लवकर खाली ठेवतो, हा माझा अनुभव. या गृहस्थांनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वरून वाचायला सुरुवात केली आणि चक्क हसू लागले.

"हे माणसानं लिहिलेलं नाय, साहेब. मुलीच्या नावापुढं 'थंडगार' लिहिलंय. भावाच्या नावापुढं 'उजेड'. मूळ नावं शीतल अन् प्रकाश असतील. ज्याला कानडी येतं तो नावाचं भाषांतर कशाला करील? हे मशीनचं काम हाय."

सायबर शाखेच्या महिला अंमलदार शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी आपल्या फोनवर ती वेबसाइट उघडली. सगळे बायोडाटा स्वच्छ मराठीत होते.

"सर, साइटला काही झालेलं दिसत नाही. घोळ त्या कॉम्प्युटरमध्ये असावा."

आम्ही भावाला सोबत घेऊन केंद्रावर गेलो. त्याला पाहून बाईंनी तोंड फिरवलं. फोनवर साइट उघडून पाहिली नव्हती का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "फोनमधलंबी चोरतील म्हणून हातच लावला नाय."

कॉम्प्युटरवर अजूनही कानडीच होतं. अंमलदारबाईंनी तीच साइट इन्कॉग्निटो विंडोत, म्हणजे वरून जोडलेलं काही सहसा चालत नाही अशा खिडकीत, उघडली, तर मराठी. मग त्यांनी ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, म्हणजे ॲड-ऑन, उघडून दाखवले. एक व्हिडिओ उतरवून घेणारा, एक खरेदीत सूट शोधणारा, असे पाच-सहा होते. त्यांनी सगळे बंद केले. पान मराठीत आलं. मग एकेक चालू करून दरवेळी पान नव्याने उघडत गेल्या. मराठी, मराठी, मराठी. 'आपल्या भाषेत वाचा' म्हणणारं ॲड-ऑन चालू केलं आणि पडदा कानडीने भरला.

"हे कुणी घातलं?" मी विचारलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत बाईंचे सासरे बसले होते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, दुपारी केंद्र सांभाळणारे. ते हळूच म्हणाले, "मीच असंल, साहेब. शुगरच्या गोळीची माहिती वाचत होतो, सगळी इंग्रजीत. आपल्या भाषेत वाचा असं आलं, दाबलं. मग इंग्रजीत कायतरी विचारलं. खाली नावं होती, त्यात कन्नड दिसलं. आपलं गाव कन्नड. म्हटलं, गाव विचारत असंल."

अंमलदारबाईंना हसू आवरेना, आणि पाठोपाठ आम्ही सगळेच हसलो.

"मग तेव्हाच सांगायचं ना, मामा," बाई म्हणाल्या.

"कानडी दिसल्यावर भ्यालो, बाई. बंद करून टाकलं."

अंमलदारबाईंनी ते ॲड-ऑन काढून टाकलं. असले प्रोग्राम उघडलेलं प्रत्येक पान वाचायची परवानगी घेतात, हे समजावून बाकीचेही काढायला लावले आणि पासवर्ड बदलून घेतला. बाईंनी तक्रार मागे घेत असल्याचं लिहून दिलं. मग भावाकडे न बघता म्हणाल्या, "साखरपुडा हाय म्हणं. मला कळवलंबी नाय, दादा."

"तू दारात उभं केलं असतंस का?"

"केलं असतं."

"मग आता सांगतो. रविवारी सकाळीच ये."

हेतू, संधी आणि कसब एकाच माणसाकडे सापडलं की तपास संपला असं आपल्याला वाटतं. त्या दिवसापासून मी तिथं थोडा थांबू लागलो. बिघाड कुठं नाही हे एकेक करून तपासावं, संशयितासमोर पुरावा ठेवून त्याला निवांत बोलू द्यावं, आणि तक्रारदाराच्या खात्रीवर न थांबता त्याच्या घरातल्या माणसांनाही विचारावं, हे मी पुढे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगत आलो.

भावाच्या आग्रहावरून साखरपुड्याला मी साध्या कपड्यांत गेलो होतो. दारात बाईच उभ्या होत्या. मला ओळखून "जयभीम, साहेब" म्हणाल्या आणि कुणाला शंका यायच्या आत पाहुण्यांना सांगून मोकळ्या झाल्या, "हे आमच्या दादाचे दोस्त."